मेल गेला, पण पोच कुठाय?



आज राजकारण नाही, पाणीपट्टी नाही, ढोकीच्या रस्त्यावरचे खड्डेही नाहीत. त्यावर पुढच्या रविवारी. आज विषय आहे उत्तराचा. न येणाऱ्या उत्तराचा. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी दुकानात एक पोरगा आला. गावातलाच. पुण्याच्या एका कंपनीचं काम तेरमधून, घरी बसून करतो. अशी पंधरा-वीस पोरं-पोरी आता गावात असतील. 2020 साली लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप पाठीला लावून आली आणि काही इथंच राहिली. हा त्यातलाच. म्हणाला, "काका, बहिणीचं लग्न आहे. मॅनेजरला सुट्टीचा मेल टाकून बारा दिवस झाले. हो पण नाही, नाही पण नाही. दोनदा आठवण केली. आता मी काय समजू? न विचारता राहिलो तर गैरहजेरी लागती. पुन्हा विचारलं तर म्हणतील, लई मागं लागतंय."

घरात मांडव पडायचा आहे, पत्रिका वाटून झाल्यात आणि नवरीच्या सख्ख्या भावाला माहीत नाही की आपण लग्नाला आहोत का लॅपटॉपला. का, तर पुण्यातल्या एका माणसाला एक शब्द टाइप करायला वेळ झाला नाही.

मी म्हटलं, दाखव मेल. बघितला. चार परिच्छेद. पहिल्यात "आशा आहे आपण कुशल असाल". दुसऱ्यात त्यानं या तिमाहीत काय काय काम केलं त्याचा हिशोब. तिसऱ्यात बहिणीचं लग्न, घरात थोरला मुलगा तोच, वडिलांची तब्येत. चौथ्याच्या शेवटच्या ओळीत तारखा. आणि विषयाच्या जागी नुसतं "रिक्वेस्ट". सगळं इंग्रजीत, आणि शेवटी आपलं ठरलेलं "काइंडली डू द नीडफुल". आता नीडफुल म्हणजे नेमकं काय, हे त्या मॅनेजरनं शोधायचं!

पोराची चूक नाही. आपल्याला शाळेत "सुट्टीसाठी मुख्याध्यापकांना अर्ज" शिकवला तो मार्कांसाठी. उत्तर यावं म्हणून लिहायला कुणी शिकवलंच नाही.

आधी माझं स्वतःचं सांगतो, म्हणजे मी काही फार शहाणा आहे असा गैरसमज नको. मी ड्रॉइंग आणि एस्टिमेटची कामं करतो, बहुतेकांना माहीत आहे. अकरा वर्षं पुण्यात केली, आता इथून करतो. काही वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका गिऱ्हाईकाचं शेडचं काम आलं होतं. त्यांनीच दिलेल्या दोन कागदांत फरक होता. एकात दोन कॉलममधलं अंतर 5 मीटर, दुसऱ्यात साडेपाच. कोणतं धरू, असा मेल केला. नऊ दिवस उत्तर नाही. फोन लावला, "मीटिंगमध्ये आहे, बघून सांगतो". सांगितलं नाही. तारीख जवळ आली. शेवटी मी नंतरच्या तारखेचा कागद खरा धरला आणि ड्रॉइंग पूर्ण करून पाठवलं. त्यावरही उत्तर नाही. महिन्यानं फोन आला तो थेट शिवीच्या सुरात. खड्डे घेऊन झाले होते, आणि अंतर चुकीचं होतं.

"अहो, विचारायला काय झालं होतं?"

मी मेल पुढं केला. तर म्हणाले, "मेल कोण वाचतंय इथं? फोन करायचा ना!"

फोनही केला होता. पण त्याचा कागद कुठं असतो? माझं अठरा हजारांचं बिल बसलं ते आजतागायत बसलेलंच आहे.

बरेच दिवस मी हा किस्सा "गिऱ्हाईक कसं नालायक" म्हणून सांगायचो. मग एकदा जुना मेल पुन्हा उघडून वाचला. त्यात मी दहा मुद्दे लिहिले होते आणि हा कॉलमचा प्रश्न सहाव्या नंबरला होता. विषयाच्या ओळीत काय, तर "ड्रॉइंग रिवाइज्ड 3 फायनल". आता साइटवर धुळीत उभ्या असलेल्या, मोबाइलवर बोटानं मेल सरकवणाऱ्या माणसाला कसं कळावं की याच्या पोटात एक प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर नाही दिलं तर आपले खड्डे चुकणार आहेत? दोष त्यांचा होताच. पण वाटा माझाही होता.

आपल्या गावाची एक गंमत बघा. पहिल्या शतकात कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं समुद्री व्यापाराची एक वही लिहून ठेवली, ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’. त्यात तगर नगराचा उल्लेख आहे. भडोच बंदरापासून वीस दिवस दक्षिणेला पैठण, आणि तिथून दहा दिवस पूर्वेला तगर, असं अंतर दिलंय. तगर म्हणजे आपलं तेर, हे फ्लीटसाहेबानं 1901 साली मांडलं. म्हणजे हिशोब करा. तेरच्या व्यापाऱ्यानं कापड गाड्यांवर घातलं आणि भडोचच्या माणसाला निरोप धाडला, तर जायला महिना, यायला महिना. दोन महिन्यांत उत्तर. आज तेरमधून मेल सुटला की डोळ्याचं पातं लवायच्या आत पुण्यात. आणि उत्तर? तेच दोन महिने! मधे दोन हजार वर्षं गेली, बैलगाडी गेली, वेळ तेवढाच. उलट त्या काळी बैल परत आला की निदान कळायचं तरी, निरोप पोचला का नाही ते.

पोच. हा आपला शब्द किती चांगला आहे बघा. माझे मामा पाटबंधारे खात्यात आवक-जावकला होते. त्यांच्या टेबलावर बारनिशी असायची. पत्र आलं की नंबर, तारीख, कुणाकडं दिलं, त्याची सही. गावाकडचा माणूस अर्ज घेऊन गेला की मामा त्याला सांगायचे, "दोन प्रती आण, एकीवर शिक्का घे. काम होवो न होवो, पोच सोडू नको." शिक्क्याचा कागद असला की साहेबाला "अर्ज मिळालाच नाही" म्हणता येत नाही. मेलमध्ये ही पोचच गेली. पाठवल्याचा पुरावा आहे, पण वाचल्याचा नाही, आणि कुणी अंगावर घेतल्याचा तर नाहीच. समोरच्यानं वाचला का, स्पॅममध्ये गेला का, वाचून बाजूला ठेवला का, का दुसऱ्याकडं ढकलला, काही कळत नाही. आपण फक्त फोन हातात घेऊन बसायचं.

आता लोक उत्तर का देत नाहीत? "माज" हे सोपं कारण. काही ठिकाणी ते खरंही आहे. वरच्या साहेबाच्या मेलला पाच मिनिटांत "शुअर सर", आणि खालच्याच्या मेलला महिना. हे काही वेळेचं गणित नाही, हे कुणाला किती मोजायचं त्याचं गणित आहे. ते आपल्याला नवीन नाही. कचेरीत बाकड्यावर बसवून ठेवणं आणि मेलला उत्तर न देणं, एकाच जातीची गोष्ट.

पण सगळंच माज नाही. माझा एक शाळासोबती मोठ्या कंपनीत मॅनेजर आहे. त्याला सरळ विचारलं, का रे देत नाहीस उत्तर? म्हणाला, "दिवसाला दोनशे मेल येतात, त्यातले निम्मे नुसते माहितीसाठी, कुणीतरी स्वतःच्या सेफ्टीला मला सीसीत ठेवतं. ज्याचं उत्तर मला एका ओळीत देता येतं ते मी जेवताना पण देतो. पण ज्याचं उत्तर द्यायला मला अजून तिघांना विचारावं लागतं, किंवा जुना मेल शोधावा लागतो, तो मी 'नंतर बघू' म्हणून ठेवतो. आणि नंतर म्हणजे कधीच नाही." आणि मग थोडं थांबून म्हणाला, "आणि खरं सांगू का? काही वेळा उत्तर दिलं की ते माझ्या नावावर चढतं. नाही दिलं तर कुणाच्याच नावावर नसतं."

ही शेवटची ओळ नीट वाचा. आपल्याकडच्या अर्ध्या न आलेल्या उत्तरांचं कारण हेच आहे. "फोनवर बोलू" असं जेव्हा साहेब म्हणतात, तेव्हा नव्वद टक्के वेळा त्याचा अर्थ "कागदावर नको" असा असतो. (नव्वद हा आकडा माझा, दुकानात बसून काढलेला. कुठल्या अहवालात शोधू नका.) तर त्यावर उपाय एवढाच, की फोन झाल्यावर दहा मिनिटांत आपण मेल टाकायचा: "आत्ता फोनवर ठरल्याप्रमाणे अंतर साडेपाच मीटर धरतो आहे. काही बदल असेल तर आजच कळवावं." झालं. आता त्यांनी उत्तर दिलं नाही तरी कागद झाला. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 साली आला तेव्हापासून मेल ही नुसती हवेतली गोष्ट राहिलेली नाही, ती नोंद आहे.

ज्यांचं वय चाळीसच्या पुढं आहे त्यांना जोडकार्ड आठवत असेल. पोस्टात दोन कार्डं जोडलेली मिळायची. एकावर आपण लिहायचं, दुसरं कोरं, त्यावर आपलाच पत्ता घालून पाठवायचं. समोरच्यानं फाडायचं, दोन ओळी खरडायच्या आणि पेटीत टाकायचं. त्याला कार्ड आणायला जायचं नाही, पत्ता शोधायचा नाही, पैसे घालायचे नाहीत. आमची आजी मुंबईच्या मुलाला जोडकार्डच पाठवायची. कारण तिला मुलगा माहीत होता! माया होती त्याला, आळसही होता.

मेल जोडकार्डासारखा लिहायचा. उत्तराचा अर्धा भाग आपणच तयार करून द्यायचा. त्या पोराला मी त्याच बैठकीत दुसरा मेल लिहायला लावला. विषयाच्या ओळीत: "11 ते 15 तारखेची सुट्टी, बहिणीचं लग्न, मंजुरी हवी (गुरुवारपर्यंत)". आत तीनच ओळी. या तारखांना सुट्टी हवी आहे. माझं काम त्या दिवसांत अमुक सहकारी बघणार आहे, त्याच्याशी बोलणं झालंय. कृपया "मंजूर" किंवा "नामंजूर" एवढंच कळवा. काम कोण बघणार, हे त्यानं आधी लिहिलंच नव्हतं. मॅनेजर अडला असेल तर तिथंच अडला असेल, कारण ते त्याला स्वतःला ठरवावं लागत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाला उत्तर आलं. एक शब्द. लग्नाला पोरगा होता, पंगतीत वाढत होता.

प्रत्येक वेळी असं होईल असं मी म्हणत नाही. पण एका मेलमध्ये एकच प्रश्न ठेवा. दहा प्रश्न टाकले की समोरचा त्यातल्या सोप्या तिघांची उत्तरं देतो आणि अवघड सात गिळतो, हे शंभर वेळा बघितलंय. तारीख घाला, पण "तात्काळ" लिहू नका, सरकारी कागदावर तात्काळ लिहून लिहून त्या शब्दात जीवच राहिला नाही. पाच जणांना एकदम "टू"मध्ये टाकू नका, पाचही जण म्हणतात बाकीचे चौघं देतील. आणि मराठी गिऱ्हाईकाला मराठीत लिहायला लाजू नका. बार्शीच्या एका आडत दुकानदाराला मी दोन वर्षं इंग्रजीत मेल करत होतो, ते सीएकडं पाठवायचे, सीए मला फोन करायचा. मराठीत लिहायला लागलो तर ते स्वतः उत्तर देतात, आणि वर "जेवण झालं का" विचारतात.

गोरोबाकाकांची ती थापटण्याची गोष्ट आपल्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोणतं मडकं कच्चं, कोणतं पक्कं ते सांगितलं. मी आजकाल मेल पाठवायच्या आधी तसंच करतो. मोठ्यानं वाचतो. वाचून झाल्यावर "मग मी काय करू?" असं समोरच्याच्या तोंडून निघेल असं वाटलं, तर मडकं कच्चं. परत भट्टीत.

"अमुक दिवसापर्यंत उत्तर आलं नाही तर मी असं धरून पुढं जातो" ही ओळ मी वापरतो, आणि ती कामाची आहे. पण जपून. जी गोष्ट उद्या फिरवता येते तिथंच वापरा. रंग, फॉन्ट, मीटिंगची वेळ, ठीक. सुट्टी, पैसा, कॉलमचं अंतर, इथं चालत नाही. मौन म्हणजे संमती हे आपल्याकडं मोठ्या दिमाखात सांगतात. जुन्या काळी पोरीच्या गप्प बसण्याला होकार धरून लग्नं लावायचे. तिथंही ते चूकच होतं.

कायद्यानं या गप्प बसण्याचं काय केलंय ते बघण्यासारखं आहे. माहिती अधिकाराचा 2005 चा कायदा म्हणतो, 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर ते नाकारलं असं समजा आणि लगेच अपिलात जा, आणि अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 पर्यंत दंड. म्हणजे मौन बरोबर नकार. नगररचनेच्या 1966 च्या कायद्यात उलटं. बांधकाम परवानगीच्या रीतसर अर्जावर 60 दिवसांत काहीच कळवलं नाही तर अटींसह मानीव परवानगी. म्हणजे मौन बरोबर होकार. दोन्हींत मुद्दा एकच: गप्प बसलात तर त्याचा अर्थ आम्ही लावणार, तुम्हाला अधांतरी ठेवता येणार नाही. अर्जदाराला सगळ्यात जास्त कशानं मारलं असेल तर "नाही"नं नव्हे, अधांतरानं.

आणि गावातल्या छोट्या धंदेवाल्यांनी, डीटीपीवाले, वेल्डिंगवाले, माझ्यासारखे ड्रॉइंगवाले, यांनी हे तर लिहूनच ठेवा. सूक्ष्म, लघु उद्योगांचा 2006 चा कायदा आहे. तुमची उद्यम नोंदणी असेल (ऑनलाइन होते, फुकट होते, पैसे मागणाऱ्याला देऊ नका), तर माल किंवा काम दिल्यापासून 15 दिवसांत गिऱ्हाईकानं लेखी हरकत घेतली नाही, की ते काम स्वीकारलं असं धरलं जातं. महिन्यानं फोन करून "चुकलंय" म्हणायची सोय त्यात नाही. पैसे देण्याची मुदत लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या पुढं नेता येत नाही, करार नसेल तर 15 दिवस. त्यापुढं व्याज, तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, महिन्याला चक्रवाढ. आता तर आयकरात पण आहे, या मुदतीत पैसे दिले नाहीत तर गिऱ्हाईकाला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. माझ्या अठरा हजारांच्या वेळी माझी नोंदणी नव्हती. कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून मी सांगतोय. बिलाच्या मेलमध्ये उद्यम नंबर टाका आणि खाली एक ओळ, "15 दिवसांत लेखी हरकत नसल्यास काम स्वीकृत धरलं जाईल". भांडण नाही, धमकी नाही. नुसती ओळ. फोन लवकर येतात असा अनुभव आहे.

आपल्या जिल्ह्याला तर उत्तर न येण्याची किंमत कुणी शिकवायला नको. 2020 चा खरीप आठवा. ऑक्टोबरच्या पावसानं सोयाबीन शेतात सडली. विमा भरलेला. पण नियम असा, की नुकसान झाल्यापासून 72 तासांत कंपनीला कळवलं पाहिजे. कुठं लाइट नाही, कुठं रेंज नाही, कुठं रस्ताच वाहून गेलेला, तिथं माणसानं आधी जनावरं सोडवायची का ॲपवर फोटो टाकायचे? सरकारी पंचनामे झाले होते, तरी 72 तासांत कळवलं नाही म्हणून साडेतीन लाखांवर शेतकऱ्यांचे पैसे अडले. शेवटी प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेलं आणि 2022 मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूनं लागला. माझा मुद्दा घड्याळाचा आहे. शेतकऱ्यानं कळवायला 72 तास, मोजून. आणि शेतकऱ्याला उत्तर मिळायला? कोर्टाची पायरी चढून दोन वर्षं. घड्याळ नेहमी खालच्याच्याच मनगटाला का बांधलेलं असतं?

कंपन्यांतही तेच. पोरानं रात्री अकराला आलेल्या मेलला सकाळी उत्तर दिलं तर "प्रतिसाद कमी" असा शेरा, आणि त्याचा मेल बारा दिवस पडून. खासदार सुप्रिया सुळे यांनी ‘राइट टू डिस्कनेक्ट’चं 2018 चं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, की कामाच्या वेळेबाहेर फोन-मेलला उत्तर न देण्याचा हक्क असावा. फ्रान्समध्ये 2017 पासून तसा कायदा आहे. आपल्याकडचं विधेयक पुढं सरकलं नाही. मी त्याच्या बाजूचा आहे. पण त्याला जोडून अजून एक कलम पाहिजे: कामाच्या वेळेत खालच्याला उत्तर मिळण्याचा हक्क.

सरकारात हे झालं नाही असं नाही. 1980 च्या दशकात अहमदनगरला कलेक्टर अनिलकुमार लखिना यांनी कचेरीचं दप्तर असं लावलं, की ‘लखिना पॅटर्न’ म्हणून नाव झालं. आजही कारकुनांना सहा गठ्ठे पद्धत शिकवतात. त्यात एक गठ्ठा असतो प्रतीक्षाधीन प्रकरणांचा, म्हणजे आपण दुसऱ्याला विचारलंय, त्याच्या उत्तराची वाट आहे, असे कागद. ते बाकीच्यात मिसळू द्यायचे नाहीत, ठरल्या दिवशी गठ्ठा सोडून स्मरणपत्र काढायचं. मी मेलमध्ये ‘प्रतीक्षाधीन’ नावाचा फोल्डर केलाय. शुक्रवारी दुपारी उघडतो. ज्याचं उत्तर नाही त्याला त्याच मेलवर, नवीन नाही, त्याच जुन्यावर, दोन ओळी. "आठवण" असला टोमणा न मारता. दुसऱ्या शुक्रवारी फोन. तिसऱ्या शुक्रवारी त्याच्या वरच्याला सीसी. मामांच्या बारनिशीनं चाळीस वर्षं हेच केलं, फक्त तिला ॲप म्हणत नव्हते.

आणि कायदा हवा असेल तर तोही आहे. बदल्या आणि विलंब प्रतिबंधाचा 2005 चा अधिनियम, ज्याला आपण दप्तर दिरंगाई कायदा म्हणतो, त्यात फाइल एका टेबलावर कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त ठेवायची नाही असं लिहिलंय. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित सेवांना मुदत आहे, अर्जाची पोच आहे, अपील आहे. पण त्याचा उपयोग तोच करतो ज्याच्या हातात पोच आहे. तहसीलला अर्ज दिला आणि नुसता "साहेब, बघा बरं का" म्हणून आलात तर कुठलाच कायदा तुम्हाला ओळखत नाही.

आता जे लिहायला नको वाटत होतं ते लिहितो.

हे सगळं मांडायच्या आधी मी माझा स्वतःचा फोल्डर उघडला. मला आलेले, मी उत्तर न दिलेले. त्यात शेजारच्या गावातल्या एका पोराचा मेल होता. आयटीआय झालेला. "सर, ड्रॉइंग शिकायचं आहे, पगार नको, सहा महिने तुमच्याकडं येऊ का?" मी तेव्हा वाचला होता. जागा नव्हती, दुसरं कॉम्प्युटर नव्हतं. नाही म्हणायला जिवावर आलं म्हणून काहीच म्हटलं नाही. म्हटलं नंतर बघू. पुढं तो धाराशिवच्या स्टँडवर भेटला, पुण्याच्या गाडीला उभा होता, कुठल्या तरी गोडाऊनला पॅकिंगला लागलेला. मीच ओशाळून विषय काढला. तो हसला. म्हणाला, "सर, तुम्ही नाही म्हणला असता तरी चाललं असतं. मी तीन महिने दुसरीकडं विचारलंच नाही, तुमचं उत्तर येईल म्हणून."

गाडी लागली, तो चढला. मी बराच वेळ फलाटावर उभा होतो.

त्या मॅनेजरला आणि त्या गिऱ्हाईकाला मी ज्या शब्दांत शिव्या घालतो, त्यातला एकही शब्द मला लागू होत नाही असं नाही. आपण सगळेच कुणाचे तरी साहेब आहोत. वायरमन फोन उचलत नाही म्हणून बोंबलणारे आपण, ऊसतोडीच्या मुकादमाला "कळवतो" म्हणून महिनाभर लटकवतो. मुलगी बघून आल्यावर नकार कळवायला तोंड नाही म्हणून पोरीच्या बापाला वाट बघायला लावतो. "नाही" म्हणायला दोन मिनिटं लागतात. ती जड जातात, हे खरं आहे. पण ती आपल्याला दोन मिनिटं जड जातात आणि समोरच्याचे तीन महिने जातात.

त्या पोराला परवा मेल टाकला. उशिराच. दुसरं कॉम्प्युटर आता घेतलंय. अजून उत्तर आलेलं नाही, आणि मला तक्रार करायला जागा नाही.

तर असं करू. येत्या शनिवारी सकाळी दहा ते बारा मी दुकानात मोकळा आहे. ज्यांचे मेल, अर्ज, बिलं कुठं अडकलीत त्यांनी ते घेऊन या. पैसे नाहीत. मॅनेजरला असो, गिऱ्हाईकाला असो, पंचायत समितीला असो, बसून जोडकार्ड करून देऊ. उद्यम नोंदणी करायची असेल तर आधार आणि पॅन आणा, मोबाइल आधारला जोडलेला पाहिजे. येताना फोन चार्ज करून या, शनिवारी सकाळी आपल्याकडच्या लाइटीचा काही भरवसा नाही.

येणार असाल तर एका शब्दात कळवा. येणार नसाल तरी कळवा.